इली की इळी

९ जुलै १९४५

चावली! मेली चावली शेवटी! उजव्या हाताच्या अंगठ्याला. डाव्या हाताने लिहितेय, सगळे कोंबडीचे पाय उमटताहेत.

घासलेटच्या डब्यात ठेवलेल्या चिचुंद्रीला झुरळ टाकायला जाळी उचलली, तर बाईसाहेबांनी झुरळ सोडलं आणि अंगठा धरला. धरला तो सोडीचना! उंदीर चावतो नि पळतो. ही चघळत बसते — सुपारी चघळावी तशी! हात झटकला, डब्यावर आपटला, तरी लोंबकळतेच आहे. नाक चिमटीत दाबलं तेव्हा कुठे सुटली.

माझं बोंबलणं ऐकून शेजारची जयवंता हातमाग सोडून धावत आली. हळद आणि चुना कालवून अंगठ्यावर थापला. म्हणते, "आक्का, लोक पोपट पाळत्यात, मांजर पाळत्यात. तुम्हाला ह्योच नाद गावला व्हय?"

म्हटलं, पोपट चौथीच्या मुलींना शिकवून झाला. आता ही शिकवायची.

"शिकवा की! सध्या तर तीच तुम्हाला शिकवतीया."

हसले खरी. पण हात कोपरापर्यंत भगभगतोय.

१० जुलै

अंगठा बधिर. दुसऱ्याचा आणून लावल्यासारखा. शाळेत खडू दोनदा हातातून पडला, मुली फिदीफिदी हसल्या. संध्याकाळी मार्तंडला दाखवला तर म्हणतो, "ताई, वकील म्हणून सांगतो, जनावरावर फिर्याद लावता येत नाही." भाऊ आहे का वैरी!

१२ जुलै

मार्तंडने बेळगाव कॅम्पातून रद्दी आणली. गोऱ्या सोल्जरांनी टाकलेली मासिकं. आधी तो वाचतो, मग त्यावर आमचा बंब पेटतो. त्यातल्या एका अमेरिकन मासिकात चिचुंद्रीच्या जातभाईंवर चांगला लांबलचक लेख निघाला. बंबात जाणार होता की! दुपारभर डिक्शनरी मांडीवर घेऊन बसले.

तिकडे एक आखूड शेपटीची चिचुंद्री असते. तिच्या लाळेत विष! नागासारखे पोकळ दात नाहीत. विषाच्या पिशव्या खालच्या जबड्याशी, आणि खालच्या पुढच्या दातांच्या मधून पन्हळ. म्हणून ती चावून सोडत नाही, चावतच राहते. जितकं चघळेल तितकी लाळ जखमेत उतरते. उंदीर, बेडूक, स्वतःपेक्षा मोठं जनावर लोळवते. आणि सगळ्यात भयंकर ते पुढेच आहे. मारत नाही! गोगलगायी, किडे लुळे पाडून बिळात साठवते — जिवंत. भूक लागेल तसा लचका. मेलेलं कुजतं, जिवंत ताजं राहतं. देवाने काय काय करून ठेवलंय!

आपल्या घरातल्या चिचुंद्रीबद्दल लेखात अवाक्षर नाही. म्हणजे कुणी नीट बघितलंच नसणार. मग मी बघते की!

१५ जुलै, रविवार

परड्यातून एक दणकट बेडूक धरून डब्यात सोडला. जयवंताला मीच हाक मारली. तिचा नवरा मल्लाप्पा सूत मिळतंय का बघायला वडगावला गेलेला, माग बंदच होता.

आधी काहीच नाही. चिचुंद्री कडेकडेने नाक वर करून हुंगत फिरली. तिला दिसत फारसं नाहीच. बेडकाने उडी मारली आणि हिने झेप घेतली. मागच्या तंगडीला एक चावा, मग पाठीवर चढून मानेत. बेडूक किंचाळतो हे मला ठाऊक नव्हतं. तान्हं पोर किंचाळावं तसा किंचाळला. ती मानेत दात रोवून चघळत राहिली, कटकट आवाज येत होता. रक्त डब्याच्या पत्र्यावर उडालं. माझ्या पदरावरही आलं. मग बेडूक पसरला. चारी पाय चार दिशांना. डोळे उघडे, गळा तेवढा वरखाली. आणि ही खुशाल मागच्या तंगडीपासून खायला बसली!

जयवंताने विचारलं, "मेलं व्हय?"

"नाही. गळा बघ, हलतोय. मरत नाही, नुसतं लुळं पडतं."

"आनि कळतंय त्येला?"

आता ते मला काय ठाऊक! पण मास्तरीण ना मी! गप्प बसवतं कुठे? अंगठा पुढे केला आणि ऐटीत सांगितलं, माझंही तेच झालं बघ, जिथे चावली तेवढाच भाग बधिर. ती अंगठा हातात घेऊन दाबत बसली. "आता हाय व्हय रं जीव?" असं अंगठ्यालाच विचारलं. फार हसलो दोघी.

मार्तंड म्हणतो, "मानेचा मणका फोडला असेल. विष कशाला लागतंय त्याला?" वकिलाला जिथे तिथे दुसरी बाजू दिसते.

२२ जुलै

मल्लाप्पाने आज जयवंताला मागाच्या धोट्याने मारलं. धोटा म्हणजे चिंचोक्याएवढी वस्तू नव्हे. हातभर जड लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. कान फाटला. गळ्यावरून रक्त उतरत चोळी भिजली.

कारण काय, तर सूत मिळालं नाही! रेशनचं सूत येत नाही, माग बंद, मग हा सकाळपासून पितो आणि संध्याकाळी हात चालवतो. वडगावात भावांशी मारामाऱ्या करून अनगोळला आला, इथे भाऊ नाहीत, म्हणून बायको. ती निपाणीकडची, मराठी. तो कानडी. भांडतात तेव्हा ती मराठीत ओरडते, तो कानडीत, आणि दोघांना सगळं कळतं. गल्लीलाही कळतं. पण कुणी हललं नाही.

मी गेले. हातात तांब्या होता तोच फेकून मारला. त्याच्या खांद्याला लागला. "निम्म मनी केलसा नोडरी, मास्तरबाई!" म्हणाला — तुमच्या घरचं काम बघा! मीही कानडीतच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ओसरीवरच्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. ऐका म्हणावं!

जयवंताला आमच्याकडे आणलं. कान धुताना ती एकदम म्हणाली, "आक्का, चौथा म्हैना हाय." मी तांब्या खाली ठेवला. "ह्याच्या आदी दोनदा ऱ्हायलं हुतं. दोन्ही येळंला पोटातच लाथ बसली." रडली नाही. पाऊस पडून गेला असं सांगावं, तसं सांगितलं.

माहेरी का जात नाहीस म्हटलं, तर बापाने दोनदा निपाणीहून स्वतः आणून पोचवलंय. "पदरी पडलं पवित्र झालं म्हणतोय."

मार्तंडवर संतापले. फिर्याद कर म्हटलं. तो म्हणाला, "ताई, उद्या तीच कोर्टात उभी राहून ‘पडलो’ म्हणेल."

२३ जुलै

नळावर बायकांनी कानाचं विचारलं. जयवंता म्हणाली, "पडलो."

२९ जुलै

पुन्हा. आज लाथा. तिने मागाच्या खड्ड्यात उडी घेतली आणि दोन्ही हात पोटाभोवती आवळून बसली. वरून हा मागाची फणी काढून डोक्यात, पाठीत, मिळेल तिथे. मी झारा घेऊन धावले आणि त्याच्या बोटांवर हाणला. त्याने माझं मनगट धरून असं पिळलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याच हाताने! तो उजवा हात! मीही मग तोंड सोडलं. मुडदा बसवला तुझा, हात झडो तुझे, किडे पडोत! शाळेतल्या बाईंच्या तोंडी शोभत नाही म्हणे. नको शोभू दे.

जयवंता खड्ड्यातून माझ्याकडे बघत होती. तिचा एक डोळा उघडत नव्हता.

ती म्हणते, त्याने तो हात उचलला की तिचं पोट आपोआप आत ओढतं. हात नुसता उचलला तरी! पाणी प्यायला उचलला तरी!

२ ऑगस्ट

शेजारी दोन दिवस शांत. जयवंता परसात भांडी घासत होती. म्हटलं, नवरोबा कुठे? "पडून हायत. हाताला उंदीर चावला म्हनत्यात."

म्हटलं, बरं झालं! देव आहे म्हणायचा!

 ती राख घेऊन तेच पातेलं पुन्हा घासायला लागली.

४ ऑगस्ट

आज जे पाहिलं ते लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

सकाळी भिंतीपलीकडून वास आला. मेलेल्या ढोराचा असतो तसा. गेले. मल्लाप्पा घोंगडीवर पडलेला, अंग तव्यासारखं तापलेलं. उजवा हात काळानिळा, भोपळ्याएवढा सुजलेला, कोपराच्या वर लाल रेघा चढलेल्या. बोटं ओळखू येत नव्हती. जयवंताने कसला तरी पाला बांधला होता, तो सोडला तर कातडीसकट निघाला. पू घोंगडीवर गळला. मी नाकाला पदर लावला.

"दवाखान्यात का नेलं नाहीस गं?" मी ओरडले. तिने हात जोडले. "न्हाय म्हनत्यात. हात तोडतील म्हनत्यात. आक्का, पायाबी पडलो!"

तो शुद्धीत होता. "येन आतु?" मी विचारलं. काय झालं? ओठ चाटत म्हणाला, "इली... इली कडीतु." उंदीर चावला. इथले कानडी लोक चिचुंद्रीला सोंडिली म्हणतात, सोंडेचा उंदीर. चिचुंद्रीच असणार ती; जीव चाललेला असताना पूर्ण नाव कोण घेतो!

मार्तंडने टांगा आणला. दवाखान्यात डॉक्टर बघताच म्हणाले, हात काढावा लागेल, आणि ही जखम कशाची ते पोलिसांना लिहून घेऊ दे. नागोजी नावाचा हवालदार आला. नुकताच साताऱ्याकडून बदलून आलेला, मिशीला पीळ. मी दाराशी उभी होते. त्याने विचारलं, "कशानं झालं रं?" मल्लाप्पाने तेच सांगितलं. "इली... इली कडीतु."

"इळी?" हवालदार म्हणाला. "कुनी? बायकोनं?"

मल्लाप्पा नुसता कण्हला. तेवढ्यात मला डॉक्टरांनी हाक मारली, चादरी हव्या होत्या.

५ ऑगस्ट

मल्लाप्पा गेला. खांद्यापासून हात काढला, तरी विष आधीच अंगात भिनलं होतं.

जयवंता भिंतीवर कपाळ आपटून घेत होती. "मरायचा न्हवता त्यो! मरायचा न्हवता!" गल्लीतल्या दोघींनी धरली तरी आवरेना. कपाळ फुटलं. ज्याने हिचे दोन गर्भ लाथेने पाडले, त्याच्यासाठी! बाईची जात मला अजून कळलेली नाही, आणि मी स्वतः बाई आहे.

७ ऑगस्ट

जयवंताला धरून नेलं!

नवऱ्याच्या खुनाबद्दल! नागोजीने लिहिलंय — "मयताने सांगितले की बायकोने इळीने कापले." इळी! आपली विळी! त्या मेल्या हवालदाराने ‘इली’चं ‘इळी’ केलं! आणि कानडीत ‘कडी’ म्हणजे चावणं तसं तोडणंही, ते कुणीतरी त्याला नंतर सांगितलं असणार, झालं, पंचनामा पुरा! स्वयंपाकघरातली विळी पिशवीत घालून नेली. तिच्यावर डाग सापडले म्हणे. ज्या घरात रविवारी मासळी कापतात तिथल्या विळीवर डाग नसतील तर काय अष्टगंध असेल?

चौकीवर गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. म्हटलं, इली म्हणजे उंदीर! बेळगावातलं शेंबडं पोर सांगेल! हवालदार म्हणाला, "बाई, मला शिकवू नका. मरणारा माणूस खोटं बोलत न्हाय." म्हटलं, मरणारा नाही, ऐकणारा बहिरा आहे! बाहेर काढलं मला.

गल्ली आता म्हणते, भांडणं तर रोजचीच होती. तेव्हा दारं लावून बसलेले सगळे आता साक्षीदार!

८ ऑगस्ट

मार्तंडला म्हटलं, तू लढणार. तो म्हणाला, खुनाचा खटला मी कधी चालवला नाही. म्हटलं, मग आता चालव, नाहीतर मी या घरात पाणी पिणार नाही.

घेतलाय.

११ ऑगस्ट

मार्तंडला विचारलं, पोटुशी बाईला फाशी देतात का रे? म्हणाला, "नाही. बाळंतपण होईपर्यंत थांबतात."

"थांबतात म्हणजे?"

तो कागद चाळायला लागला. म्हणजे हिंडलग्याच्या तुरुंगात तिला नीट खायला घालणार, नीट बाळंत करणार, आणि मग! ताजी ठेवणार! मला त्या डब्याकडे बघवेना.

१६ ऑगस्ट

लढाई संपली म्हणून शाळेत पेढे वाटले. मुली नाचल्या. मी माझा पेढा टेबलाच्या खणात ठेवला.

२ सप्टेंबर

तुरुंगात भेट मिळाली. पोट दिसायला लागलंय. म्हटलं, घाबरू नको, तो इली म्हणाला, मी कानांनी ऐकलंय. तर ती खाली बघून म्हणाली, "माझं काय बी हू द्या आक्का. प्वार तेवढं तुमी घ्या." मी रागावले. वेड्यासारखं बोलू नको! काही केलं नसताना फासावर जाणारी तू कोण मोठी सती?

ती बघतच राहिली माझ्याकडे.

९ सप्टेंबर, रविवार

सरकारी वकील विचारणारच, चिचुंद्रीने माणूस मरतो का? तेव्हा पुन्हा प्रयोग. या खेपेला बेडकाची मान फडक्यात गुंडाळून फक्त मागची तंगडी पुढे केली. चिचुंद्रीने मनसोक्त चघळली, हाड दिसेपर्यंत. मग बेडूक सोडला. त्याच रक्ताळलेल्या तंगडीने टुणकन उडी मारून मोरीत गेला!

लुळं नाही, बिळं नाही. म्हणजे त्या दिवशी मानेचा मणकाच फोडला होता. मार्तंड बरोबर. माझा अंगठा सुजेने बधिर झाला असणार. अमेरिकेतली असेल विषारी, आमची नुसतीच घाणेरडी! बरी तोंडघशी पडले. पण मार्तंड खूश. म्हणतो, "विष सिद्ध करायचं ओझंच गेलं. घाणेरड्या दातांनी कुजून माणूस मरतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल."

चिचुंद्रीला परड्यात सोडून दिलं. जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. डबा उकळत्या पाण्याने धुतला.

२० नोव्हेंबर

खटला उभा राहिला. जयवंता पिंजऱ्यात. पोट इतकं वाढलंय की कठड्याला टेकून उभी होती. तिचा बाप निपाणीहून आला होता, मागच्या बाकावर बसला आणि मधल्या सुट्टीत निघून गेला.

डॉक्टर म्हणाले, जखम इतकी कुजली होती की पातं की दात, सांगता येणार नाही. चावल्याने असं होऊ शकतं का? होऊ शकतं. कापल्याने? तेही होऊ शकतं. झालं! म्हणजे सगळा भार त्या एका शब्दावर.

मग नागोजी. मार्तंडने विचारलं, "हवालदार, कानडी येतं?"

"थोडंथोडं."

"‘मला भूक लागली’ म्हणा पाहू."

हवालदाराने मिशी चाचपली. "ऊटा... ऊटा..." आणि पुढे गाडी अडली. कोर्टात हशा. जज्जसाहेबांनी टेबल वाजवलं. मी मात्र हसले नाही. पिंजऱ्यातली बघत होती ना माझ्याकडे.

२१ नोव्हेंबर

माझी साक्ष. आवाज कापू दिला नाही! तीस मुलींच्या वर्गावर कमावलेला आवाज आहे.

सांगितलं, तो ‘इली कडीतु’ म्हणाला. घरी एकदा, दवाखान्यात एकदा.

सरकारी वकील उठले. गोड बोलणारा माणूस. "बाई, ‘कडी’ म्हणजे तोडणंही ना?" होय. "मयताच्या घरात विळीला ‘इळी’ म्हणत?" बायको म्हणते, तो ‘ईळगी’ म्हणायचा. "पण बायकोचा शब्द नवऱ्याच्या तोंडी बसू शकतो?" बसू शकतो. "मग इली का इळी, हा एवढासा ल आणि ळ, मरणाऱ्या माणसाच्या जड जिभेवर तुम्हाला दारातून ओळखू आला?"

 मार्तंडचा चेहरा उतरला. आणि मला एकदम फळा दिसला. व्याकरणाचा तास!

म्हटलं, "साहेब, इली सोडा, इळी सोडा. ‘कडीतु’ बघा. बायकोने तोडलं असतं तर ‘कडदळु’ म्हणाला असता. ‘कडीतु’ म्हणजे तो नव्हे, ती नव्हे, ते चावलं. कानडीत जनावर नपुंसकलिंगी असतं. बायको नसते."

 जज्जसाहेबांनी शिरस्तेदारांकडे पाहिलं. ते धारवाडचे, अस्सल कानडी. मान हलवून म्हणाले, "बाई बरोबर सांगतात."

पण सरकारी वकील कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "या भागात लाडाने बायकांना, मुलींनाही नपुंसकलिंग लावतात. होय ना?"

"लावतात," मी म्हटलं. "लाडाने लावतात! ज्याने लोखंडी चोचीच्या धोट्याने हिचा कान फाडला, तो मरताना लाडाने बोलला म्हणता? तिचा कान बघा साहेब! पदर बाजूला करायला सांगा आणि बघा लाड!"

जज्जसाहेब म्हणाले, बाई, आवाज खाली करा. पण त्यांनी पदर बाजूला करायला सांगितला. बघितलं. आणि काहीतरी लिहिलं.

२४ नोव्हेंबर

सुटली! निर्दोष सुटली!

टांग्यातून घरी आणली. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मार्तंडने स्वतःच्या हाताने चहा केला, नुसता पाक. मी वेड्यासारखी हसत होते आणि रडत होते. एका प्रत्ययाने फास सोडवला! चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं तरी असा दिवस यायचा नाही.

जयवंता भिंतीला टेकून बसली. चहाची बशी हातात धरून. म्हणाली, "आक्का, तुमी माझ्यावर लई इस्वास टाकलासा." आणि चहा न पिताच झोपली.

११ डिसेंबर

मुलगी! पहाटेपासून कळा, दुपारी सुटली. डोक्यावर हे एवढं जावळ. रडते तेव्हा भिंती हलतात. मार्तंड दाराबाहेर येरझाऱ्या घालत होता, जसा काही याचाच खटला! जयवंताने पोरीचे दोन्ही हात पुन्हा पुन्हा उलटे सुलटे करून पाहिले.

१९ डिसेंबर

आज पोरीला तेल लावता लावता जयवंता बोलली. मान वर न करता.

"इलीच कडीतु आक्का. तुमी कोर्टात खोटं न्हाय बोललासा. पन ती आपसूक न्हाय आली. भाताच्या कणगीमागनं चिचुंद्री मीच धरली. त्यो पिऊन पडलाता. फडक्याच्या पिशवीत त्येचा हात घातला, तिला घातली, आनि मनगटाला गाठ मारून बसलो. लई येळ सोडली न्हाय."

पोर जांभई देत होती. तिने पोरीच्या मुठी उघडून तेल चोळलं.

"मला त्यो मरायला नको हुता, आक्का. त्यो हात तेवढा लुळा पडाया हवा हुता. मरत न्हाय म्हनून तुमीच सांगितलतासा न्हवं?"